पाचव्या तारेची खडखड

माणूस फार गोड बोलायला लागला की माझे आधी कान टवकारतात. ही सवय जन्माची नाही, नोकरीची आहे. पेठ वडगावजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेवर मी बावीस वर्षं दूध तपासलं. रांगेतला प्रत्येक जण शपथेवर सांगायचा की आमच्या म्हशीचं दूध म्हणजे नुसती बासुंदी हाय. मी हूं की चूं न करता कॅन तळापासून ढवळायचे आणि मगच नमुना घ्यायचे. न ढवळता घेतला तर वरची साय तेवढी येते आणि पाणचट दूधही भारी ठरतं. तोंडावर गोड बोलून दुधात पाणी घालणारी माणसं मी इतकी बघितलीत की आता देवळातल्या पुजाऱ्यानं तीर्थ दिलं तरी आधी वास घेते.

त्यामुळं गिटारच्या क्लासमधले सर जेव्हा म्हणाले, "काकू, आता गिटार बदला. चांगली, वायर जोडता येणारी घ्या," तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की ह्या गड्याला दुकानातून काय सुटत असेल?

सर अठ्ठावीस वर्षांचे, मी एक्कावन्न. नोकरी सोडून आम्ही कोल्हापुरात राहायला आलो आणि राजारामपुरीत 'वयाची अट नाही' अशी पाटी दिसली म्हणून मी क्लासला गेले. बाकी सगळी शाळकरी पोरं. घरी आमचे मालक म्हणाले, "पेटी शिकली असतीस तर भजनाला तरी उपयोग झाला असता." मी म्हटलं, भजनाला पेटीवाले ढीगभर हायत. पुतण्यानं टाकून दिलेली गिटार माळ्यावर होती, ती खाली काढली.

दीड वर्ष तीच वाजवत होते. तिच्या तारा गळ्यापासून, म्हणजे बोटं फिरतात त्या दांड्यापासून, इतक्या उंच की दाबून दाबून बोटांना घट्टे पडले. आणि 'सी' नावाची कॉर्ड, म्हणजे तीन बोटं तीन तारांवर एकदम ठेवून काढायचा सूर, ती धरली की पाचवी तार खडखडायची. डब्याचं सैल झाकण वाजावं तशी. सर ऐकायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "छान काकू. येईल हळूहळू." गेल्या वर्षी क्लासच्या कार्यक्रमात आम्ही बाराजण एका माइकसमोर बसलो होतो, म्हणून माझी खडखड त्या गर्दीत खपून गेली. यंदा मात्र प्रत्येकानं एकट्यानं एक अख्खं गाणं वाजवायचं होतं, थेट स्पीकरला वायर जोडून. त्यासाठी गिटारच्या पोटात आवाज पकडणारं यंत्र लागतं, पिकअप म्हणतात त्याला.

मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती. खोट गिटारीत आहे की माझ्या हातात. गिटारीत असेल तर नवी घेईन. हातात असेल तर क्लास बंद. ह्या वयात स्टेजवर जाऊन हसं करून घ्यायची मला हौस नाही. रडू आलं असतं ते वेगळंच, कारण दिवसभरात ती गिटार मांडीवर घेतल्यावरच मला माझं असं काहीतरी आहे असं वाटायचं. हे मी कुणाला बोलले नव्हते.

वाद्यांच्या दुकानात एकटी गेले. सरांचं नावही काढलं नाही. दुकानदार चाचा मेंदी लावलेल्या दाढीचे, आजोबांपासून वाद्यं दुरुस्त करणाऱ्या घरातले. त्यांनी एक गिटार काढली, वायर जोडली आणि असं काही वाजवलं की रस्त्यावरचा एक माणूस दारात थांबला. मी म्हटलं, "वायर काढा. आणि तुम्ही वाजवू नका. तुमच्या हातात तेलाचा डबा दिला तरी तो गोड वाजंल."

चाचा हसले. "वाजवा की ताई तुम्हीच."

मी आधी मोबाईलची बॅटरी लावून गिटारच्या गोल भोकाची कड बघितली. वरच्या फळीच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरत असतील तर फळी अखंड लाकडाची. थर दिसले तर दाबून चिकटवलेली प्लाय. रेषा उतरत होत्या. मग खुंट्या फिरवून बघितल्या, गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा बोटाला टोचतात का ते बघितलं, डोळा लावून गळा वाकडा आहे का ते बघितलं. चाचा शांतपणे चहा पीत बसले होते. त्यांच्या शांतपणाचाही मला संशय आला.

मग 'सी' धरली. खडखड.

"हिच्यात खोट हाय," मी म्हटलं.

"न्हाय ताई. गिटार बरी हाय."

तुम्ही दुसरं काय म्हणणार, असं मनात म्हटलं. उघड म्हटलं, "उद्या सकाळी परत येते. म्हैस घेताना आम्ही दोन वेळची धार बघतो. संध्याकाळची आणि सकाळची. एका वेळेवर विश्वास ठेवत न्हाई."

"या की. गिटार हाय, आटायची न्हाय," चाचा म्हणाले.

सकाळी रस्ता शांत होता. तीच गिटार मागितली. खडखड जास्तच स्पष्ट ऐकू आली. मी विजयी मुद्रेनं ती बाजूला ठेवली आणि दुसरी मागितली. समोर टांगलेली नको, आतली द्या म्हटलं. चाचांनी आतून आणली. खडखड. तिसरी आणली, तिच्या तारा तर गळ्याला जवळजवळ टेकलेल्या, लोण्यासारख्या दाबल्या जात होत्या. खडखड. आता मला वाटलं, ह्या बाबाचा सगळा मालच सडका आहे.

चाचांनी कप खाली ठेवला. तिसऱ्या गिटारला वायर जोडून माझ्याच हातात दिली आणि म्हणाले, "आता वाजवा." मी 'सी' धरली आणि ती खडखड स्पीकरमधून अख्ख्या दुकानात भरली. मग त्यांनी एकेक करून तिन्ही गिटारी घेतल्या आणि प्रत्येकीवर तीच कॉर्ड वाजवली. एकदाच, हळू, काही कलाकारी न करता. तिन्ही स्वच्छ वाजल्या.

"तिन्ही बऱ्या हायत ताई," एवढंच ते म्हणाले.

माझे कान तापले. खाली बघत मी विचारलं, "मग हाताचं काय करायचं?"

"ते तुमच्या मास्तरांना विचारा. मी विकणारा माणूस." मास्तर कोण ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाले, "बोर्ड बघितलाय त्यांचा. माणूस कधी दुकानात आलेला न्हाय." म्हणजे तोही संशय फुकट गेला. खरं सांगते, सरांना कमिशन मिळत असतं तर मला बरं वाटलं असतं. निदान कुणावर तरी डाफरता आलं असतं.

आता गिटारचं निमित्त कुणालाच सांगता येऊ नये म्हणून काल नाकारलेली पहिलीच गिटार मी घेतली आणि घरी न जाता थेट क्लासवर गेले. क्लास बंद करायचा तर आजच, असं ठरवूनच गेले. सकाळची वेळ, पोरं शाळेत, सर एकटेच तारा बदलत होते. मी नवी गिटार काढली, त्यांच्या स्पीकरला जोडली आणि आवाज पूर्ण वाढवला.

"सर, ऐका. आणि छान म्हणायचं न्हाई."

कार्यक्रमाचं अख्खं गाणं वाजवलं. जिथं जिथं 'सी' आली तिथं तिथं खडखड झाली. संपल्यावर त्यांनी हातातली तार खाली ठेवली.

"तिसरं बोट," ते म्हणाले. "पट्टीपासून लांब पडतंय. अगदी जवळ ठेवलं की खडखड जाते."

"एवढंच?"

"एवढंच."

"कधीपासून चुकतंय?"

त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "पहिल्या महिन्यापासून."

"मग दीड वर्ष बोलला का नाही?"

"पोरांना मी ओरडतो काकू. तुम्हाला कसं ओरडायचं? म्हटलं, तुम्ही वेळ घालवायला येता. मन रमतंय, रमू दे."

मी दुकानदारावर संशय घेतला, लाकडावर घेतला, तारांवर घेतला. हा पोरगा मात्र दर आठवड्याला समोर बसून माझ्या ताटात कौतुक वाढत होता, आणि मी ते कधी ढवळूनच बघितलं नाही. मला भयंकर राग आला.

"मन रमवायला घरी टीव्ही हाय सर. मी शिकायला येते. येत नसंल तर तसं सांगा, मी उद्यापासून येत न्हाई. पण मला वर्गात बसवून बाहेर ठेवू नका."

सर लाल झाले. माफी वगैरे मागितली नाही, त्याचं मला बरंच वाटलं. खुर्ची पुढं ओढून ते समोर बसले. पोरांच्या बोटांवर टोचायची त्यांची पेन्सिल हातात घेतली.

"धरा 'सी'."

मी धरली. पेन्सिल तिसऱ्या बोटावर बसली. "चूक. परत." परत धरली. "लांब. परत." मनगट खाली, अंगठा मागं, कोपर अंगाला चिकटवू नका, असं त्यांनी अर्ध्या तासात जेवढं सांगितलं तेवढं दीड वर्षात सांगितलं नव्हतं. बोट लाल झालं. मग कधीतरी एकदा पाचवी तार स्वच्छ वाजली. खडखड नाही, काही नाही, नुसता सूर. मी हात तसाच ठेवून त्यांच्याकडं बघितलं.

"एकदा आली म्हणून काय झालं," ते वैतागून म्हणाले. "लक्ष कुठं आहे? परत."

तो वैताग ऐकून मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि पुढची कॉर्ड चुकलीच.