भाऊंच्या हातचा हरीरा

आमचे थोरले भाऊ स्वयंपाकघरात शिरण्याआधी उंबऱ्याबाहेर दोनदा खोकत. एकदा आम्हा सुनांना पदर सावरायला आणि दुसऱ्यांदा, मला वाटतं, स्वतःला धीर द्यायला. येडगावात आमच्यासारख्या घरातला थोरला मुलगा ओट्याशी उभा राहून कांदा चिरतो, हे तेव्हा कुणी ऐकलेलंही नव्हतं. भाऊ मात्र अकरा वर्षं रोज चिरत होते.

भाऊ म्हणजे माझे मोठे दीर. त्र्याण्णव साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते सौदीत होते आणि तिकडं सुपरवायझर आहेत असं गावभर माहीत होतं. त्याच वर्षी माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, लकवा झाला आणि भाऊ सहा महिन्यांच्या रजेवर घरी आले. अण्णांची उजवी बाजू गेली होती. पाण्यानं ठसका लागे, दुधानं कफ धरे, पेज तर ते थुंकूनच टाकत. चार दिवस हे पाहिल्यावर पाचव्या दिवशी भाऊ नारायणगावच्या बाजारातून पिशवीभर सामान घेऊन आले, उंबऱ्याबाहेर खोकले आणि म्हणाले, "कुकर कुठंय?" त्यांचा कांदा चिरायचा वेग पाहिला आणि मला कळून चुकलं, हा माणूस सुपरवायझर नाही, आचारी आहे. माझ्या जाऊबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, चेहरा पडला. भाऊ हसत म्हणाले, "सुपरवायझरच व्हतो. कढईवर लक्ष ठेवायचो."

त्या दिवशी त्यांनी केला तो हरीरा. सौदीतल्या कामगारांच्या मेसमध्ये इद्रिस नावाचा मोरोक्कोचा आचारी होता, त्यानं शिकवलेला. त्यांच्याकडं रोजे सोडताना हा पितात म्हणे. रात्री भिजवलेले हरभरे सकाळी एकेक चिमटीत धरून सोलायचे, हे पहिलं काम. मग कुकरमध्ये तेलावर कांदा, आलं, हळद, मिरपूड आणि दालचिनीचा तुकडा. त्यावर चांगले सात-आठ टोमॅटो किसून आणि कोथिंबीर देठांसकट. हरभरे टाकून सहा शिट्ट्या, झाकण उघडून मसूर, पुन्हा दोन शिट्ट्या. शेवटी रवीनं घुसळायचं, पाण्यात कालवलेली कणीक लावून दाट करायचं आणि वर लिंबू पिळायचं. इद्रिस त्यात मटण आणि लोणी घालायचा. अण्णा माळकरी, त्यामुळं मटण गेलं, आणि कफामुळं दूध-लोणी-तूप सगळंच गेलं. पण तो दाटपणा असा काही जमला होता की अण्णांच्या घशाखाली ठसका न लागता उतरला. वाटी रिकामी झाली तेव्हा अण्णांनी डावा हात भाऊंच्या मनगटावर ठेवला. आम्ही सगळ्या रडलो. पुढं काय वाढून ठेवलंय हे कुणाला ठाऊक होतं?

भाऊंची रजा सहा महिन्यांची. तेवढ्यात परत गेलं नाही तर व्हिसा बाद. म्हणून त्यांनी मला आणि जाऊबाईंना हरीरा शिकवायचं ठरवलं. आता मोठ्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती. भाऊंनी तोड काढली. ते कुकरशी बोलत. "आता याच्यात दालचिनी पडंल," असं ते कुकरला सांगत आणि दालचिनी मी टाकायची. "आगं आगं, जाळ बारीक कर," हेही कुकरलाच. वाफ पुरी गेल्याशिवाय शिट्टीला हात लावलेला त्यांना खपत नसे. मी एकदा घाईघाईत चमच्यानं शिट्टी उचलली तर कुकरला म्हणाले, "तुला धीर न्हाई, बाबा. माह्यारी कुणी वाट बघतंय का?" मी पदराआड हसले. महिन्याभरात मला हरीरा असा येऊ लागला की कुणाच्या हातचा आहे ते भाऊंनाच चव घेऊन ओळखता येईना.

अण्णांना मात्र येई. जाऊबाईंनी किंवा मी वाटी नेली की अण्णा ओठ घट्ट मिटून भिंतीकडं बघत. लकव्यानंतर त्यांना एकच शब्द नीट बोलता येई, "कुठंय?" तो ते दाराकडं बघून म्हणत. मग भाऊंनी एक गंमत केली. माझ्या हातचा हरीरा स्वतः नेऊन पाजला. अण्णांनी वाटी चाटूनपुसून संपवली. दुसऱ्या दिवशी स्वतः केलेला हरीरा जाऊबाईंच्या हाती दिला. ओठ बंद. असं तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा भाऊ हसले आणि हसता हसता ओट्यापाशी खाली बसले. "म्हंजी चवीचं काय न्हाई," ते कुकरला म्हणाले. "मलाच धरलंय म्हाताऱ्यानं."

मला तेव्हा अण्णांचा संताप आला होता, तो अजून गेलेला नाही. आजारी माणसाबद्दल असं बोलू नये हे मला कळतं. पण अण्णांचं अंग लुळं पडलं होतं, डोकं नाही. थोरला गेला तर परत येणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. एकदा जाऊबाईंनी भाऊंना विचारलं होतं, "त्या वाळवंटात आसं काय हाय वो?" मी तिथंच भाकऱ्या थापत होते. भाऊंनी मूठभर हरभरे सोलून संपवले. मग म्हणाले, "तिकडं मला कुणी थोरला म्हनत न्हाई."

सहा महिने संपायला आठवडा राहिला तेव्हा भाऊ निघाले. इस्त्रीचा शर्ट, हातात एक बॅग. अण्णांच्या पाया पडले आणि मुंबईच्या गाडीत बसले. विमान तिसऱ्या दिवशी होतं. अण्णांनी त्या दिवशी तोंड मिटलं ते उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमचे हे, भाऊंचे धाकटे भाऊ, पिंपरीच्या कंपनीतून रजा टाकून आले होते. ते चमचा घेऊन बसले, चिडले, रडलेसुद्धा. संध्याकाळी अण्णांची जीभ कोरडी पडलेली पाहून "फोन करा भाऊंना" असं म्हणणारी मीच. यांनी नारायणगावला जाऊन एसटीडी बूथवरून व्हिसा बघणाऱ्या मुंबईच्या एजंटच्या ऑफिसात फोन लावला. सकाळी भाऊ जीपमधून उतरले, तोच शर्ट घालून. बॅग ओसरीवर टाकून ते सरळ कुकरकडं गेले.  वाटी संपल्यावर अण्णा घोरत झोपले.

व्हिसा बाद झाला. भाऊ शेती बघू लागले. टोमॅटो लावले, कांदा लावला, कालव्याच्या पाळीवरून भांडणं केली, सगळं थोरल्या मुलाला शोभेल असं. सकाळ-संध्याकाळ हरभरे सोलले. लग्नकार्याला दुसऱ्या गावी गेले तरी पाच वाजता परत. जवळच्या आणे गावाला यात्रा असली की सगळं घर जाई, भाऊ राहत. लोक म्हणत, लेक असावा तर असा. हे वाक्य कुणी म्हटलं की भाऊ उठून बाहेर जात. जाऊबाई खूश होत्या, आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. नवरा घरी असावा असं कुणाला वाटत नाही? पण भाऊंची एक गोष्ट मला फार लागे. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा ते पुण्याला जाऊन नवा करून घेऊन आले. कशाला, असं कुणीच विचारलं नाही. नव्या फोटोत त्यांचे केस अर्धे पांढरे होते.

अण्णा दोन हजार चार साली गेले. तिसऱ्या दिवशी भाऊ शेताच्या बांधावर मोबाईल घेऊन गेले आणि तासाभरानं आले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुकरशी न बोलता जाऊबाईंबरोबर थेट माझ्याशीही बोलले. इद्रिसनं जेद्दाहला स्वतःची खानावळ काढली होती. ये म्हणाला, व्हिसाचं मी बघतो. "धाव्वं-तेरावं झालं की जातू," भाऊ म्हणाले. सेहेचाळीस वर्षांच्या त्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा झाला होता. मी म्हटलं, "जावा, भाऊ." फोन करा म्हणणारी मीच होते, तेव्हा जावा म्हणायचं देणंही माझ्याकडंच होतं.

दहाव्याला कुकडी नदीच्या काठी पिंड मांडले. सगळं गाव जमलेलं. झाडावर दहा-बारा कावळे, पण एकही खाली येईना. अर्धा तास गेला. आमच्या यांनी हात जोडून कबूल केलं, आम्ही भाऊ भाऊ एकोप्यानं राहू. कावळा येईना. जाऊबाईंनी कबूल केलं, तुमची माळ मी घालीन. तरी येईना. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाची जुडी हातात घेतली. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिवायची सोय असते. मी मनात म्हणत होते, करा गुरुजी, लवकर करा. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हातारं म्हणालं, "थोरल्या, तू बोल. त्याचा जीव तुझ्यात व्हता."

सगळे भाऊंकडं बघू लागले. मी डोळ्यांनी त्यांना नको नको म्हणत होते. भाऊंनी पिंडाकडं पाहिलं, झाडाकडं पाहिलं, मग हात जोडले. "अण्णा," ते म्हणाले, "मी न्हाई जात कुठं."

कावळा आला. शेजारच्या नैवेद्याच्या पानांकडं न बघता सरळ पिंडावर बसला. बायका रडू लागल्या, पुरुषांनी "सुटला म्हातारा" म्हणत सुस्कारे टाकले. कावळ्याला भूक लागली असेल, एवढंच असेल, असं मी आजही स्वतःला सांगते. पण भाऊंना ते सांगायची सोय नव्हती. चारचौघांत दिलेला शब्द त्यांनी पाळला. इद्रिसचे दोन फोन आले, तिसरा आला नाही.

भाऊ पाच वर्षांनी गेले, झोपेतच. त्यांच्या दहाव्याला तोच काठ, तेच झाड. पिंड मांडून गुरुजी मागं सरतात न सरतात तोच कावळा शिवला. लोक म्हणाले, तृप्त माणूस, कशात म्हणून जीव अडकला नव्हता. त्यांचा जीव कुठं अडकला होता ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण माणसं उठून चपला शोधायला लागली होती. कुणालाच काही कबूल करावं लागलं नाही.