दोन दोरांची पेटी

तो लिफ्टचा मेकॅनिक होता. एका दोरावर भरवसा ठेवायचा नाही, हे धंद्यानं त्याच्या अंगात इतकं मुरवलं होतं की घरातही सगळं जोडीनं असायचं: दोन विजेऱ्या, दोन छत्र्या, एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या दोन खिशांत. "बायको तेवढी एकच केलीत, हे नशीब माझं," बायको म्हणायची. शेजारीपाजारी त्याला 'डबलदोर' म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई.

तो निवृत्त झाला आणि बायकोच्या घशात गाठ निघाली. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ऑपरेशनच्या आधी त्यानं तिला टेबलाशी बसवलं आणि तिचा आवाज फोनवर भरून घेतला. गाणी नाहीत, गोष्टी नाहीत. घरात रोज लागतं तेवढंच. "अहो, जेवायला या." "औषध घेतलंत का?" "पंखा बंद करा, वीज काय फुकट येते?" "तुम्हाला काही म्हणता काही कळत नाही." हे शेवटचं तिनं आपणहून भरलं, एकदा रागानं आणि एकदा मायेनं. दोन्ही उपयोगी पडतील, म्हणाली.

ते आवाज ठेवायला त्यानं एक पेटी आणली. बुटांच्या खोक्याएवढी, आत दोन डिस्क. एकीवर जे जाईल ते दुसरीवर आपोआप उतरतं, असं दुकानदार म्हणाला आणि त्यानं पुढचं काही ऐकलंच नाही. पेटी कपाटावर बसवली, राउटरला वायर जोडली. घरातल्या कुठल्याही फोनवरून तिच्यातलं उघडता येऊ लागलं. मग फोनमधले मूळ आवाज त्यानं पुसून टाकले. पुसलेलं काही दिवस राखून ठेवणारी एक टोपलीही पेटीत होती. तीही त्यानं बंद केली, कारण लिफ्टच्या खड्ड्यात त्यानं कधी कचरा साचू दिला नव्हता.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर बायकोनं फोनवर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून तिचाच आवाज आला, "अहो, जेवायला या." तो पाटावर बसून रडला. मग जेवला. पुढं त्याची सवय झाली. रागातलं "काही कळत नाही" तर दिवसातून कितीदा वाजे.

मुलगी परगावी असे. "बाबा, आईचा आवाज माझ्याकडे पण असू दे ना," ती म्हणाली. त्याला हे फारच पटलं. त्यानं तिचा फोन पेटीशी असा जोडला की इकडे जे असेल तेच तिकडे आणि तिकडे जे असेल तेच इकडे राहावं. तिसरा दोर झाला, असं तो बायकोला म्हणाला.

एका दुपारी जेवायची वेळ टळली तरी हाक येईना. तो आत गेला. बायको फोनवर पुन्हा पुन्हा बोट दाबत होती. फोल्डर रिकामं होतं. त्यानं पेटी उघडून पाहिली. पहिली डिस्क रिकामी, दुसरीही रिकामी, आणि दोन्हींचे हिरवे दिवे मात्र काही झालंच नाही असे लागलेले.

त्यानं फोनचा स्पीकर चालू ठेवून मुलीला फोन लावला. "तू काही केलंस का गं?"

"नाही हो बाबा. माझा फोन भरला होता, म्हणून आईचं फोल्डर काढून टाकलं फक्त. पेटीत आहेच ना ते?"

तिनं तिकडे काढलं, तसं इकडेही दोन्ही डिस्कवरून पुसलं गेलं होतं. दोर दोन असोत की तीन, बटण दाबलं की सगळे मिळून लिफ्ट त्याच मजल्यावर नेतात. जन्मभर हेच काम केलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. तोंड उघडणार तोच बायकोनं त्याची बाही ओढली. आवाज गेल्यापासून जवळ ठेवलेल्या पाटीवर तिनं लिहिलं होतं: तिला सांगू नका.

"हो, आहे ना," तो फोनवर म्हणाला. "सहज विचारलं."

दुरुस्तीवाल्यानं पेटी बरेच दिवस ठेवून घेतली. पुसलेल्या जागेवर दुसरं लिहिलं गेलंय, म्हणाला. हाती लागला एक तुकडा. घरी येऊन दोघांनी तो ऐकला. सुरुवातीला खरखर, मग त्याचाच आवाज, "हं, बोल आता." त्यानंतर तिनं श्वास घेतल्याचं ऐकू आलं आणि तुकडा संपला. नीट येतंय का बघायला त्यानंच तिथं बंद केलं होतं. त्या दिवशी बायकोनं तो पुन्हा लावला नाही. तो गच्चीवर जाऊन बराच वेळ बसला. स्वतःच्या हातांचा इतका राग त्याला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाहेरच्या खोलीत बसला होता. स्वयंपाकघरात ताटं मांडल्याचा आवाज झाला. मग स्पीकर खरखरला.

"हं, बोल आता."

तो उठला आणि जेवायला गेला.