धुतलेलं मीठ

परवा लेकीने हौसेने खडे मीठ आणलं. पुडी उघडताच तो दमट, खारट वास आला आणि मला लहानपणीचा, तुकोगंजमधला दवाखाना आठवला.

बाबांची मिल बंद पडली त्या वर्षी आईचा गळा सुजला. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "कॅन्सरची गाठ तो नहीं?" तेव्हापासून मी आईच्या गळ्याकडे बघायचंच टाळू लागले.

डॉक्टरांनी तिला पाणी प्यायला लावलं. घोटाबरोबर सूज वर सरकली, खाली आली. मी मान फिरवली.

"मीठ कोणतं वापरता?"

"खडा नमक, डॉक्टरसाब. पाण्यात खळबळून, वाळवून मगच बरणीत भरते," आई जरा तोऱ्यातच म्हणाली.

"मग आयोडीन पाण्याबरोबरच गेलं की. घोटाबरोबर हलते ती थायरॉईडची गाठ; आयोडीन कमी पडलं तरी ती फुगते. जाँच करून घ्या."

परतताना कृष्णपुऱ्याच्या पुलावर आई एकदम थांबली. तिने माझी हनुवटी वर केली आणि गळ्यावरून बोटं फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली. मला वाटलं, माया करतेय.

त्याच बरणीतलं मीठ मीही रोज खात होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.