मनकर्णा एकदाच सापडली

अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे, सडकेपासून जरा आत, महादेवरावांची संत्र्याची बाग होती. त्या बागेत मनकर्णानं काही वर्षं रोज चोरून गवत कापलं आणि ती एकदाच सापडली. एवढी हुशार बाई भर दुपारी कशी काय सापडली, म्हणून वस्तीतल्या बाया तिला पुढे जन्मभर चिडवत राहिल्या. ती नुसती हसायची.

चोरून म्हणायचं तेही महादेवरावांच्या हिशेबानं. छप्पन सालापर्यंत बागेतलं गवत तिच्या वस्तीतल्या बाया राजरोस नेत होत्या. मग वस्तीनं धम्म घेतला, गावातली मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, आणि मालकांना एकाएकी आठवण झाली की गवतसुद्धा आपल्याच मालकीचं आहे. ढोरं ओढत नाही ना, मग गवत बंद! मनकर्णाच्या दोन बकऱ्यांना हा न्याय समजावून सांगणार कोण? तिनं विळा कमरेला खोचला आणि कुंपणातून वाट काढली.

राखणीला शालिकराम होता. जातीनं माळी, साठी उलटलेला, बायको वारलेली, मूलबाळ नाही. बागेतली झोपडी हेच त्याचं घर आणि राखणदारी हाच त्याचा संसार. कान मोठा तिखट. मनकर्णानं आधी आठवडाभर विळा न उचलता त्या माणसाचीच पारख केली. एक आवाज झाला की तो विहिरीजवळच्या दगडावरून उठे, थेट आवाजाच्या जागी येई, काठीनं गवत ढोसे, ‘कुत्रं असंन लेकाचं’ असं स्वतःलाच सांगे आणि परत त्याच दगडावर, त्याच बाजूला तोंड करून बसे. मात्र लागोपाठ दुसरा आवाज झाला तर खैर नसे. मग तो मोटेवरच्या गड्यांना हाका मारून सगळी बाग डोक्यावर घेई.

एवढं कळल्यावर काम सोपं झालं. दूर एक ढेकूळ टाकायचं, तो तिकडे गेला की इकडे विळा चालवायचा. चुकून आपलाच आवाज झाला तर दुसरा होऊ द्यायचा नाही. त्याच्या मनात आपलं कुत्रं होईपर्यंत श्वास धरून बसायचं. किती वेळा ती त्या बागेत कुत्रं झाली असेल, तिचं तिलाच ठाऊक.

एका पावसाळ्याअखेर मात्र भलतंच झालं. भारा बांधून ती उठली तर समोर शालिकराम! मध्ये झाड नाही, झुडूप नाही, आणि अंगावर लालभडक लुगडं. त्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. मनकर्णा भारा धरून जागच्या जागी उभी राहिली. तो खाकरला आणि तिच्या बाजूनं निघून गेला.

म्हाताऱ्याला दया आली असेल, असं तिला वाटलं. चार दिवसांनी तिनं झाडाआडून त्याला जेवताना पाहिलं. भाकर समोरच्या फडक्यावर होती आणि तो आजूबाजूची माती चाचपत होता. तिचा बाप देवमन असाच चाचपायचा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू उतरला होता. शेवटची वर्षं तिनंच काठीचं एक टोक धरून त्याला गावभर फिरवलं होतं.

म्हणजे हा माणूस नुसत्या कानांवर बाग राखत होता. मालकाला कळलं की झोपडी सुटणार, आणि झोपडी सुटल्यावर जाणार कुठे? ही गोष्ट तिनं नवऱ्याला सांगितली नाही, की जिवाभावाची नणंद मैना हिलाही नाही. आता ढेकूळ टाकायची गरज नव्हती, तरी ती टाकत राहिली. त्याला बिचाऱ्याला उठून राखण करायला काहीतरी हवं होतं ना!

दिवाळी झाली, संत्री पिवळी पडू लागली, आणि झाडांवरून फळं जाऊ लागली. कोण नेत होतं देव जाणे. महादेवरावांचा संशय राखणदारावर गेला. त्या दुपारी मनकर्णा गवतात बसलेली असताना ते जोडे हातात घेऊन, मांजरासारखे पाऊल न वाजवता आत आले. शालिकरामच्या अगदी नाकासमोर, पांढऱ्याशुभ्र धोतरात उभे राहिले आणि हात उंच करून त्यांनी एक संत्रं खुडलं. शालिकराम त्यांच्याकडेच तोंड करून गुडघा खाजवत होता.

मालकांच्या ओठांवर हसू आलं. ते हसू पाहून मनकर्णाला सगळं उमगलं. आता हा तोंड उघडणार आणि म्हाताऱ्याचं घर जाणार. पळून जायला तिला याहून चांगली वेळ मिळाली नसती. बकऱ्या आठवल्या, चारचौघांत होणारी शोभाही आठवली. तरीही तिनं विळा दगडावर आपटला. शालिकराम ताडकन उठला. तिनं पुन्हा आपटला.

“कोन हाये थे? धावा रे, धावा!” म्हणत तो मालकांच्या बाजूनं सरळ तिच्यापाशी आला आणि त्यानं काठी भाऱ्यावर रोवली. मोटेवरचे गडी धावत आले. महादेवराव बोलणार एवढ्यात मनकर्णानंच तोंड सोडलं.

“वा रे शालिकभाऊ! मालक तुमच्या म्होरं उभे राहून संत्रं तोडून राहिले, त्यायले काई म्हनलं नाई. अन् मलेच धरता?”

शालिकरामचा चेहरा पांढराफटक पडला. पण क्षणभरच. त्यानं काठी आणखी दाबली.

“त्यायचा बाग हाये. त्यायले म्या काहून हटकू? तुले धरायले बसलो हाये म्या इथं!”

गडी हसले. महादेवरावांना हातातलं संत्रं सोलण्यावाचून काही सुचेना. “इळा काढून घे तिचा,” ते म्हणाले, “अन् फाटकाबाहेर घाल.”

शालिकरामनं काठी तिच्या पाठीला लावली आणि दोघं निघाली. फाटकाच्या वाटेवर आदल्याच दिवशी नव्या कलमांसाठी खड्डे खोदले होते. वाट त्याच्या पायांना पाठ होती, खड्डे नव्हते. मनकर्णानं हात मागे नेऊन काठीचं टोक हळूच धरलं.

“डाव्या अंगानं या,” ती पुटपुटली. “आता सरळ. इथं खड्डा हाये, पाय लांब टाका.”

मागची पावलं ती म्हणेल तशी पडत गेली. मालकांना आणि गड्यांना दुरून दिसत होतं, राखणदार चोराला काठीनं ढोसत बाहेर काढतो आहे.

फाटकाशी तिनं त्याचा हात लाकडाला लागेल अशी काठी फिरवली आणि टोक सोडलं. शालिकराम मालकांना ऐकू जाईल असा ओरडला, “पुन्हा दिसली त टंगडं तोडीन!” त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, “सकाऊन येजो, बाई. गड्यायची भाकरीची वेळ असते तवा. एकच आवाज करजो.”