दहावी गाडी

सिरसाळ्याचे जमीलचाचा. आईवडिलांनंतर मी कोणाचं देणं लागत असेन तर या माणसाचं. ते काळीपिवळी जीप चालवायचे. मी बी.कॉम. झालो, एम.कॉम. झालो, आज धारूरला अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवतो, ते त्या जीपमुळे. कसं ते पुढे येईलच. पण नाव आधी घेतो.

आता त्या रविवारचं सांगतो.

धारूरच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याचं एक उंच शेड आहे. आत बॅडमिंटनचं कोर्ट. हाच आमच्या गावातला क्लब. सकाळी डॉक्टर, मेडिकलवाले, आडत दुकानदार, साहेब लोक खेळायला येतात. खेळ थोडा, गावाच्या गोष्टी जास्त. त्या दिवशी खेळ संपला होता. सगळे घामानं भिजलेले, खुर्च्यांवर पसरलेले. क्लबच्या अध्यक्षांनी पुठ्ठ्याचा एक खोका उघडला. अध्यक्ष म्हणजे रस्त्यांची कामं घेणारे गुत्तेदार. त्यांना कोणी नावानं हाक मारत नाही. गुत्तेदारच म्हणतात.

खोक्यात स्टिकर होते. सोनेरी रेडियमचे. शटलचं चित्र आणि खाली क्लबचं नाव.

बीडच्या एका शोरूममधून आमच्या क्लबच्या दहा नव्या गाड्या एकाच दिवशी निघणार होत्या. शोरूमची तशी योजना होती. एका क्लबच्या दहा सभासदांनी एकत्र गाड्या घेतल्या, तर प्रत्येकाला मोठी सवलत. एक जरी कमी पडली तर कोणालाच नाही. त्या दहांत माझी एक.

"मागच्या काचंवर, डाव्या कोपऱ्यात लावायचं," गुत्तेदार म्हणाले. "समद्यांनी एकाच जागी. लाईनीत निघालो की लोकांनी बघत ऱ्हायला पायजे."

एकेकाचं नाव घेऊन ते स्टिकर देत गेले. माझ्यापर्यंत आले. मी हात पुढे केला. त्यांनी खोका उलटा करून दाखवला.

"नऊच छापलेत सर."

"पण गाड्या दहा आहेत."

"हायेत की दहा. पन तुमची उभी ऱ्हाणार भीमनगरात. क्लबचं नाव कावून उगं तिकडं फिरवायचं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सरांला निळं छापून द्या की."

हसले. सगळेच हसले. वाईट हेतूनं हसल्यासारखं नाही. सकाळच्या वेळी, चहाच्या आधी माणसं हसतात तसं.

मी विचारलं, "मी सभासद आहे ना?"

गुत्तेदार नॅपकिननं मान पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "सर, राग नका मानू. आमाला दहावी गाडी पायजे होती. दहावा माणूस कुनी मागितलाय?"

माझा हात अजून पुढेच होता. तो मागे कसा घ्यायचा, हे मला कळेना. एवढंच आठवतं. शेवटी मी त्या हातानं रॅकेट उचलली, कव्हरात घातली आणि बाहेर पडलो. कोणी थांबवलं नाही. माझ्या पाठीमागे नारायणगडावर कोणत्या रस्त्यानं जायचं याची चर्चा सुरू झाली होती. गाड्या मिळाल्या की सगळे सहकुटुंब गडावर जाणार होते. गाड्यांची पूजा, मग गुत्तेदारांच्या शेतात जेवण. त्या जेवणाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मला तेव्हा, रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं.

या क्लबात यायला मी पूर्वी दोनदा अर्ज केला होता. मला खेळायला आवडतं. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळलोय. दोन्ही वेळा सेक्रेटरी म्हणाले, जागा नाही. सेक्रेटरींचं बसस्टँडसमोर मेडिकल आहे. गोड बोलणारा माणूस. दोन्ही वेळा गोड बोलूनच नाही म्हणाले. त्यानंतर दोन नवे सभासद झाले, ते मला दिसलं. मी गप्प बसलो.

मग यंदा तेच सेक्रेटरी आमच्या स्टाफरूममध्ये आले. "सर, तुम्ही नवी गाडी बघायलात म्हणं. मग आमच्यात या ना. सभासदाला सवलत हाय." अर्ज त्यांनीच आणला होता. पेनही त्यांचाच.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. सवलतीचा झालाच, पण त्याहून जास्त त्या 'आमच्यात या' या दोन शब्दांचा. घरी येऊन सुषमाला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"इतक्या वर्षांत न्हाई, आताच कावून आठवण आली त्यांला?"

"माणसं बदलतात," मी म्हणालो.

"बदलू द्या," ती म्हणाली. "पन तुमी आधी बघून घ्या."

मी पाहिलं नाही. रोज सकाळी पांढरे बूट घालून जात राहिलो. भीमनगरातली पोरं म्हणायची, "सर आता क्लबातले झाले बे, आपल्याला कुठं ओळखतेत." मी हसून पुढे जायचो. क्लबात मला जोडीला कोणी घेत नव्हतं. चौघांतला एक दमला, की पाच मिनिटं मला उतरवायचे. तरी मी म्हणायचो, नवीन आहे, होईल हळूहळू. वस्तीत मी क्लबातला होतो. क्लबात मी वस्तीतला होतो. माझ्या बाजूनं बोलणारं माणूस दोन्हीकडे नव्हतं.

त्या रविवारी मी घरी गेलो नाही. किल्ल्याच्या बाजूला जाऊन एका दगडावर बसलो. आणि मला जमीलचाचांची जीप आठवली.

आमचं मूळ गाव सिरसाळ्यापासून आत आहे. मी परळीला कॉलेजात जायचो. बारा माणसांच्या जीपमध्ये वीस माणसं. मी मागे, एका पायावर लटकून. एकदा पाऊस होता. चाचांनी मला पुढे बोलावलं, आपल्या बाजूच्या सीटवर बसवलं. पुढच्या फाट्यावर आमच्याच गावचे एक बागाईतदार चढायला आले. पुढची सीट नेहमी त्यांची. मला पाहून दारातच थांबले.

"ये, ऊठ. मागं जा."

मी उठलोच होतो. चाचांनी माझ्या मांडीवर हात दाबला. "बैठा रह बे." मग त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "मालक, गाडी मेरी है. कौन किधर बैठता, मैं बोलता. पीछे जागा है, आव."

ते मागे बसले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. त्यांच्या घरातलं कोणी चाचांच्या जीपमध्ये बसेना. मग त्यांचं पाहून इतरही बसेनात. भरून जाणारी जीप अर्धी रिकामी धावायला लागली. चाचा त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. परीक्षा होईपर्यंत मला पुढेच बसवत राहिले. भाडं दिलं तर म्हणायचे, "पास हो, फिर देख." पास झालो तेव्हाही घेतलं नाही.

तेव्हा मी फक्त एवढंच समजलो होतो की चाचा चांगले आहेत. त्या दगडावर बसून मला दुसरं काहीतरी समजलं. चांगलं वागून ते थांबले नव्हते. त्याची किंमत मोजत रोज त्याच रस्त्यानं जात राहिले होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटीनं बीडला गेलो. शोरूममध्ये आमचं काम पाहणारी एक तरुण मुलगी होती. तिनं मला बसवलं, पाणी आणून दिलं.

"बुकिंग रद्द करायचं आहे," मी म्हणालो.

तिनं कॉम्प्युटरवर पाहिलं. "सर, तुमची क्लबची सवलत जाईल."

"जाऊ द्या."

"तुमच्या एकट्याची नाही सर. दहा झाल्या नाहीत तर सगळ्यांचीच जाते."

"माहीत आहे."

तिनं कॉम्प्युटरवरून माझ्याकडे पाहिलं. "काही प्रॉब्लेम झाला का सर? गाडीत काही?"

"गाडी चांगली आहे."

मागच्या बाजूला माझी गाडी येऊन उभी होती. मी निवडलेला राखाडी रंग. तिनं विचारलं, "एकदा बघायची का?" नको म्हणायला हवं होतं. मी आत बसलो. सीटवर अजून प्लास्टिक होतं. दार लावलं तसा बाहेरचा सगळा आवाज बंद झाला. ट्रकचे हॉर्न, शोरूममधलं गाणं, सगळं. एवढी शांतता मी आयुष्यात कुठल्याच वाहनात अनुभवली नव्हती. शेजारची सीट रिकामी. मागची रिकामी. मी स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ बसलो आणि मग उतरलो. सवलतीशिवाय ती गाडी मला झेपणारी नव्हती. हेही लिहायला हवं, म्हणून लिहितो.

कागदावर सही केली. एसटीनं परत आलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरी आणि गुत्तेदार माझ्या घरी आले. भीमनगरात पहिल्यांदा. जीप त्यांनी मेन रोडलाच सोडली होती. दोघं चालत आले आणि दारात उभे राहून सेक्रेटरींनी हाक मारली, "सर, जरा बाहेर येता का?"

सुषमा म्हणाली, "आत या की. चहा टाकते."

"नको वहिनी, आत्ताच घेतलाय."

मीही आत बोलावलं नाही. उंबऱ्यावर उभा राहिलो. ते खाली, रस्त्यावर. समोरच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या.

सेक्रेटरी म्हणाले, "सर, हे काय केलं हो? नऊ घरांत तयारी झालीय. पोरंसोरं वाट बघायलीत. कुनी काय बोललं असंल तर मनावर घेऊ नका. आपन एका क्लबचे हाव, भावासारखे."

मी उंबऱ्यावरून खाली उतरलो नाही.

गुत्तेदार म्हणाले, "एका स्टिकरवरून एवढं? दहा छापून देतो तुमाला. पुढच्या काचंवर लावा, मागच्या काचंवर लावा. छताला लावा."

"स्टिकर नको," मी म्हणालो.

"मग काय पायजे ते तरी बोला."

"काही नको. तुम्ही म्हणालात, दहावी गाडी पाहिजे होती, दहावा माणूस नको होता. गाडी आता मिळणार नाही. माणूस मिळेल. मी वर्षाची वर्गणी भरली आहे. उद्यापासून रोज सकाळी येणार आहे."

गुत्तेदारांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "येऊन करणार काय? कोण खेळणार हाय तुमच्यासंगं?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

"सर, शिकलेलं मानूस हाव तुमी. गावात ऱ्हायचंय आपल्याला."

"हो," मी म्हणालो. "मलापण."

ते गेले. समोरच्या बायका परत बोलायला लागल्या. सुषमानं टाकलेला चहा उतू गेला होता. उरलेला आम्ही दोघांनी घेतला. ती म्हणाली, "आता तुमाला तिथं कुनी बोलनार न्हाई." मी म्हणालो, "आधी तरी कोण बोलत होतं?" तिला हसू आलं नाही. मलाही नाही.

नंतर मी माझ्या मेहुण्याला विचारलं. तो इथेच तहसीलात कारकून आहे, चांगला खेळतो. म्हटलं, तूही अर्ज कर. तो म्हणाला, "भाऊजी, कावून डोक्याला ताप करून घेता? सोडा ना." वस्तीतल्या थोरल्या मंडळींनीही तेच सांगितलं. प्रेमानंच सांगितलं. माझा निर्णय कोणाला चुकीचा वाटला नव्हता. सोबत मात्र कोणालाच यायचं नव्हतं.

चाचा आता जीप चालवत नाहीत. कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर बोलता येत नाही. त्यांची नात मराठी शाळेत शिकलेली आहे, ती पत्र मोठ्यानं वाचून दाखवते. मागच्या आठवड्यात त्यांना हे पत्र पाठवलं.

चाचा, सलाम.

तुम्ही विचारलं होतं गाडी कधी आणतोस. गाडी घेतली नाही. जी सवलत मिळत होती ती घेतली असती तर मला मान खाली घालून चालवावी लागली असती, म्हणून सोडली. पैसे साठले की पूर्ण किमतीत घेईन. तोवर तुम्हाला भेटायला एसटीनं येईन.

मी रोज सकाळी क्लबात जातो. माझ्याशी कोणी बोलत नाही. मी गेलो की कोर्ट मोकळं करतात, बाहेर जाऊन बसतात. मी नेटच्या अलीकडे उभा राहतो. पलीकडे कोणी नसतं. मी सर्व्हिस करतो, शटल पलीकडे पडतं. मी जाऊन उचलतो आणि तिकडून इकडे मारतो. आधी लाज वाटायची. आता वाटत नाही. एवढा वेळ कोर्ट माझ्याकडे असतं आणि त्यांना बाहेर बसावं लागतं, हे त्यांच्या आता लक्षात यायला लागलं आहे.

एकटं वाटतं, चाचा. तुम्हाला खोटं सांगणार नाही.

पण ठरलं आहे. वर्ष संपलं की वर्गणी पुन्हा भरणार. घेतली नाही तर का घेत नाही, ते त्यांच्याकडून लिहून मागणार. ते घेऊन जिथं जावं लागेल तिथं जाणार. त्यांना गाडी पाहिजे होती म्हणून त्यांनी दार उघडलं. आता ते बंद करायचं असेल तर त्यांना सगळ्या गावासमोर मला हाताला धरून बाहेर काढावं लागेल. मी स्वतःहून निघणार नाही.

तुमचा,
मागच्या फळीवर लटकून येणारा