पेट्रोल कॉकचा पंचनामा

या सदरात छापल्या जाणाऱ्या गूढ अनुभवांविरुद्ध मी संपादकांना अनेक संतप्त पत्रे पाठवली आहेत. साक्षीपुराव्याविना असले काही छापणे ही वाचकांची दिशाभूल आहे, असे माझे ठाम मत होते... आज मीच साक्ष द्यायला उभा आहे.

आम्ही जरीपटक्याला राहतो. आमचा एकुलता एक मुलगा नितीन गेल्या वर्षी काविळीने गेला. मागे राहिली त्याची जुनी, कार्बोरेटरची मोटारसायकल. तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. गाडी चालवत नेऊन तपासणी करून घ्यायची, अन्यथा भंगार! सौ. एवढेच म्हणाली, "तिले भंगारात नका देऊ जी."

पण गाडी सकाळी सुरू होई आणि चौकात आचके देत बंद पडे. पेट्रोल पोचत नसल्याचीच ही लक्षणे. विलास मेकॅनिकने कार्बोरेटर खोलला. जेट साफ, फ्लोट ठीक, टाकीच्या झाकणाचे छिद्रही मोकळे. त्याच्या दुकानात गाडी उत्तम चाले. आमच्या घरी एक रात्र उभी राहिली, की पुन्हा तेच. मी त्याला ग्राहक मंचात खेचण्याची लेखी नोटीस दिली. पुढच्या खेपेस तो स्वतः चौकात आला, टाकीखालची पेट्रोलची तोटी पाहायला वाकला आणि हसायलाच लागला.

"काका, कॉक बंद आहे नं जी! कार्बोरेटरात उरलेल्या पेट्रोलवर इथवर येता. आता मंच काय टाकीतून पेट्रोल पाठवन?"

"मी कॉक बंद करतच नाही. माझी कंबर वाकत नाही."

"मंग भूत बंद करून राहिलं काय?"

घरी आल्यावर सौ. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "गाडी लावली का कॉक बंद करायचा, नाहीतर पेट्रोल गळते — हे नितीनले कोणं शिकवलं? तुम्हीच नं? तोच बंद करत असन."

मी तिच्यावर ओरडलो. पुरावा हवा, म्हणालो.

त्याच संध्याकाळी रीतसर पंचनामा केला. कॉक चालू ठेवून त्याच्या दांडीवर, ती फिरताच फाटेल अशी कागदी पट्टी घट्ट चिकटवली. तीवर माझी, विलासची आणि शेजारच्या मेश्रामांची सही. फाटकाला कुलूप, किल्ली माझ्या उशाखाली.

सकाळी तिघांनी मिळून पाहिले. पट्टी अखंड. सह्या जागच्या जागी. आणि पट्टीखाली कॉक — बंद.

विलास हसला नाही. त्याने चपला काढल्या. मेश्राम पुटपुटले, "माही सही खोडून टाका, भाऊ." सौ. बाहेर आली, पट्टीवरून हात फिरवला आणि तिथेच खाली बसून रडली.

मी कॉक उघडला, गाडी नेली, तपासणी झाली. गाडी आता कायद्याने आमच्याकडे राहील.

परंतु त्या सकाळनंतर कॉक एकदाही बंद झालेला नाही. सौ. रोज आधी तोच पाहते आणि आत जाते. तो आपोआप बंद का होत असे, याचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही; आता का होत नाही, याचेही नाही. विलास म्हणतो, "काका, बंद करत जा नं, पेट्रोल गळून राहिलं." फरशीवर डागही पडला आहे...

मी कॉक चालूच ठेवतो.