स्लॅब येडशीत, मिक्सर घाटात

आमच्या पिकअपमागचा काँक्रीट मिक्सर आता एक फूटही ओढायचा नाही, असं गॅरेजच्या मिस्त्रींनी खाली वाकून पाहून सांगितलंय. पिकअपच्या हूकच्या जोडाला चीर गेली आहे.

मित्रांनो, दोन तासांपासून मी येडशीच्या घाटात याच गाडीत बसलोय. माझं दार कठड्याला टेकलंय आणि दाजींच्या दाराशेजारून जाणारे ट्रक थांबायचं नाव घेत नाहीत.

गाडी दाजींची. मिक्सर जोडला की ती मागून खाली बसायची, म्हणून गेल्या आठवड्यात त्यांनी मागच्या स्प्रिंगला दोन लोखंडी पाटे वाढवले. गाडी वर उचलली, पण इतकी कडक झाली की आज प्रत्येक खड्डा थेट हूकवर आदळत होता.

"मालक, ह्ये पाटे हायत का रेल्वेचे रूळ?" मिस्त्री म्हणाले. "मागची सिमेंटची पोती केबिनकडं सरकवली असती, तरी भागलं असतं."

दाजींनी ट्रॅक्टरसाठी येडशीला फोन लावला.

तिकडून कांबळे गुरुजींचा फोन. निवृत्तीनंतर बांधलेलं त्यांचं पहिलं घर, आज स्लॅब. "अहो, मटण शिजलंय, मजूर बसून हायत, मशीन कुठंय?"

आमच्याकडं स्लॅब भरल्यावरच जेवण वाढतात. आधी वाढलं, तर निम्मे मजूर घरची वाट धरतात.

आत्ताच गुरुजींनी कळवलं, "उपाशी किती बसवू? पंगत वाढली."

येडशीहून ट्रॅक्टर निघालाय. तासाभरात मिक्सर पोचेल. तोवर किती माणसं थांबतील, तुम्हाला काय वाटतं?